तीस फेब्रुवारी

धर्मा टपके एका जागी पाच मिनिटं बसून राहिला असं शपथेवर सांगणारा माणूस वर्सोव्याच्या कोळीवाड्यात सापडायचा नाही. जेवतानाही अर्ध्यातून उठून होडीचा दोर नीट बांधलाय का ते बघून येणारा गडी तो. त्याची बायको कमळ म्हणायची, याच्या पायाला भिंगरी नाही, याच्या डोक्यातच भिंगरी आहे. ती म्हणायची ते अगदी बरोबर होतं. पाय थांबले तरी धर्माचं डोकं थांबत नसे, आणि डोकं थांबलं नाही की पायही लगेच सुरू होत.

असा माणूस प्रयोगशाळेत टिकला कसा, हा प्रश्न कुणालाही पडेल. पण त्याला तिथं घेतलं होतं ते बसायला नव्हेच. सात बंगल्याच्या बाजूला किनारा संशोधन केंद्र नावाची एक छोटी संस्था होती. खाडीच्या पाण्यात तेल किती, कारखान्यांची रसायनं किती, हे तिथं मोजत. पाणी आणायला होडी लागते, आणि होडी वल्हवायला शास्त्रज्ञ उपयोगाचे नाहीत. म्हणून चौऱ्याऐंशी साली धर्माला रोजंदारीवर घेतलं. महिन्यातून चार वेळा खाडीत ठरलेल्या जागी जायचं, ओहोटीला बाटल्या भरायच्या आणि आणून द्यायच्या, एवढंच काम. दहावीला इंग्रजीनं आपटलेल्या माणसाला आणखी काय देणार?

पण हा स्वस्थ बसेल तर ना! बाटली दिली की मशीनपाशी घुटमळायचा. मशीन पाण्यातले पदार्थ एकेक वेगळे करायचं आणि शेजारच्या कॉम्प्युटरच्या हिरव्या पडद्यावर त्यांचे उंच-बुटके सुळके काढायचं. सुळका जेवढा उंच, तेवढी घाण जास्त. तिथला जुना केमिस्ट आळशी होता. त्यानं सहा महिन्यांत धर्माला मशीन चालवायला, फाईल बनवायला, फ्लॉपीवर उतरवायला, सगळं शिकवलं आणि स्वतः कॅरम खेळायला मोकळा झाला. पुढे तो नोकरी सोडून गेला. धर्मा रोजंदारीवरच राहिला, काम मात्र केमिस्टचं करू लागला.

आता अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये त्याला कायम करायचं घाटत होतं. डॉक्टर अनुपमा सामंत दोन वर्षांपूर्वी केंद्रात प्रमुख म्हणून आल्या होत्या. बाई कडक, पण न्यायाच्या. त्यांनी स्वतः शिफारस लिहिली होती आणि धर्माला वाचूनही दाखवली होती: "नमुने घेण्यात विलक्षण नियमित. दर महिन्याची आठ, पंधरा, तेवीस आणि तीस तारीख. चार वर्षांत एकदाही चूक नाही." सोमवारी संस्थेच्या समितीची बैठक होती. शिफारस मंजूर झाली की पगार, रजा, फंड, सगळं रीतसर मिळणार होतं. कमळनं तर देवीला नारळ बोलून ठेवला होता.

ती शिफारस ऐकल्यापासून धर्माची झोप उडाली होती. का ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

त्या आठ, पंधरा, तेवीस आणि तीस या तारखा नव्हत्याच. त्या तिथ्या होत्या.

झालं होतं असं. कोळ्याचा पोर समुद्रावर जातो तो तिथी बघून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित धर्माला बापानं शाळेच्याही आधी शिकवलं होतं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. पुनवेला आणि अवसेला उधाण, दोन्ही अष्टम्यांना भांग. भांगाला पाणी मंद, फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. महिन्यातून चार नमुने हवेत म्हटल्यावर कुठलाही कोळी दोन उधाणं आणि दोन भांग धरणार. त्यानं तेच धरले. बाटलीवर तिथी लिहायची सवय लागली: शुद्ध अष्टमी आठ, पुनव पंधरा, वद्य अष्टमी पंधरा आणि आठ तेवीस, अवस तीस. पंचांगातही अवसेला तीसच लिहितात. कॉम्प्युटरवर 'तारीख' असा चौकोन आला तेव्हा त्यानं बाटलीवरचा आकडा टाकला, पुढे इंग्रजी महिना आणि साल टाकलं. जुना प्रोग्राम बिचारा भोळा. त्या चौकोनात कुत्रं-मांजर लिहिलं असतं तरी त्यानं घेतलं असतं. फाईल केव्हा बनली हे मशीन आपोआप नोंदवतं म्हणतात, पण केंद्रातला कॉम्प्युटर सकाळी चालू केला की तारीख विचारायचा आणि सगळे नुसतं बटण दाबून पुढे जायचे. त्यामुळे मशीनच्या मते केंद्रात रोजच एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी असायची.

सात-आठ महिन्यांनी धर्माच्या लक्षात आलं की इथं कॅलेंडरची तारीख हवी होती. तेव्हाच बोलला असता तर दोन शिव्या खाऊन सुटला असता. पण गडी हट्टी. त्यानं मनाशी ठरवलं, पाण्याला कुठं इंग्रजी तारीख कळते? पाण्याला तिथी कळते. आपण लिहितोय तेच खरं. आणि एकदा असं ठरवल्यावर पुढेही तेच लिहीत राहिला. विचारायला कुणी आलं नाही, कारण आकडे तीसच्या आतले होते आणि दिसायला अगदी तारखांसारखे होते. एखाद्या महिन्यात एकच तिथी दोनदा आली तर तो फाईलच्या नावापुढे 'ए' लावायचा; सगळ्यांना वाटायचं, नमुना दोनदा तपासला असेल.

आणि आता नवा प्रोग्राम येणार होता.

मंगळवारी सकाळी कंपनीचा इंजिनियर चंद्रप्रकाश बॅग घेऊन हजर झाला. वाकोल्याला राहणारा, पंचविशीतला हसरा पोरगा. फ्लॉपीचं पाकीट हातात धरूनच त्यानं कौतुक सुरू केलं.

"मॅडम, एकदम झकास चीज आहे. जुन्या प्रोग्राममध्ये एका वेळी एकच आलेख दिसायचा ना? यात वीस-वीस एकावर एक दिसतात. तारखेप्रमाणे लावून देतो, महिन्याप्रमाणे देतो. वारसुद्धा आपला आपण काढतो."

"जुन्या फायली यात उघडतील?" मॅडमनी विचारलं.

"नव्या साच्यात बदलून घ्याव्या लागतील. एकदा बदलल्या की जुना प्रोग्राम मी काढून नेणार, कंपनीचा नियम आहे. एकशे अठ्ठ्याण्णव फायली आहेत, दुपारपर्यंत खेळ खल्लास."

धर्मा दारात उभा होता. तो आत आला, बाहेर गेला, नळ बघून आला, परत आत आला. "चंदूभाऊ," तो म्हणाला, "तारीख... तारीख कशी घेतो हा?"

"तारीख तारखेसारखी घेतो यार. कशी घेणार?"

धर्मा पुन्हा नळ बघायला गेला. नळ बंदच होता.

मॅडमना या नव्या प्रोग्रामची घाई होती त्याला कारण होतं. दोन वर्षं त्या एकाच अहवालावर डोकं फोडत होत्या. खाडीत काहीतरी चुकतंय हे त्यांना दिसत होतं. सुळके कधी बुटके, तर कधी एकदम ताडमाड वर जात. पण का, कधी, कशामुळे, ते सांगता येत नव्हतं. दर वर्षी अहवालाच्या शेवटी त्यांना एकच ओळ लिहावी लागे, की निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. ते वाचलं की सरकारी कचेरी ती फाईल समाधानानं कपाटात ठेवून देई.

आणि खाडीत काय चुकतंय ते कोळीवाड्याला सांगायला मशीन लागत नव्हतं. धर्माची आई सोनूबाई चाळीस वर्षं खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून तिसऱ्यांचे शिंपले वेचत आली होती. पाटी भरून आणायची आणि अंधेरीच्या बाजारात विकायची. त्यावर तिनं तीन पोरं वाढवली. पंच्याऐंशीपासून तिसऱ्या मरू लागल्या. शिंपले उघडे, आत काळं पाणी. गेल्या वर्षी तिनं पाटी पालथी घातली ती घातलीच. "भांगाला पानी हलत नाय, म्हनून सडतान," असं ती म्हणायची, आणि सगळा कोळीवाडा तेच म्हणायचा. धर्मालाही तेच वाटायचं. मधूनमधून अवसेच्या किंवा पुनवेच्या फायलीत उंच सुळका दिसायचा. तेव्हा तो म्हणायचा, उधाणाला एवढी घाण? शक्यच नाही, मशीन बिघडलं असणार. मग तो मशीन पुसून ठेवायचा.

तर चंद्रप्रकाशनं फायली बदलायला घेतल्या. मशीन गुरगुरू लागलं, पडद्यावर आकडे सरकू लागले. चौऱ्याऐंशी साल पार पडलं. धर्मा चहा आणायला गेला, कप न घेताच परत आला, पुन्हा गेला. तो दुसऱ्यांदा आला तेव्हा चंद्रप्रकाश पोट धरून हसत होता.

"मॅडम, इकडे या! तुमच्याकडे तीस फेब्रुवारी आहे!"

प्रोग्राम अडला होता. पडद्यावर एकच ओळ होती: तारीख चुकीची. फाईल: तीस, दोन, पंच्याऐंशी.

मॅडम चष्मा लावून बघायला आल्या आणि त्यांनाही हसू आलं. "धर्मा, हे काय हो? फेब्रुवारीत तीस तारीख कुठून आणलीत?"

धर्मानं हातातली बशी खाली ठेवली, परत उचलली. आता सगळं बाहेर येणार असं त्याला वाटलं. पण चंद्रप्रकाशनं पुढचं शोधून ठेवलं होतं. "अशा चारच आहेत मॅडम. पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. फेब्रुवारी आला की धर्माभाऊ सवयीनं तीस मारतात. चार उडवून टाकू, बाकी सगळ्या बरोबर आहेत."

"उडवा," मॅडम म्हणाल्या. "एवढ्या कामात चार चुका म्हणजे काहीच नाही. उद्या सगळं एकत्र लावून बघू. सोमवारी समितीला नवे आलेख दाखवायचेत."

झालं. सुटला. त्यानं गप्प बसायचं होतं एवढंच. चार फायली गेल्या असत्या, एकशे चौऱ्याण्णव खोट्या तारखांवर सरकारी शिक्का बसला असता, जुना प्रोग्राम चंद्रप्रकाशच्या बॅगेत गेला असता आणि सोमवारी धर्मा टपके कायम झाला असता. एखादा शहाणा माणूस त्या दिवशी घरी जाऊन हातपाय ताणून पडला असता.

धर्मा पाच वाजता निघाला आणि घरी न जाता बंदरावर गेला. तिथून मढला जाणाऱ्या तरीच्या धक्क्यापर्यंत, तिथून परत, मग मासळी वाळत घातलेल्या मांडवांमधून नुसताच गोल. बोंबील उलटत असलेल्या बायकांनी दोनदा विचारलं, काय हरवलाय काय रं? तो चालतच राहिला. त्याला सारखं दिसत होतं ते असं: नवा प्रोग्राम त्या आकड्यांना खरंच तारखा समजणार, त्यांची रांग लावणार, त्यावरून रेषा काढणार. मॅडम त्या रेषेकडे बघून काहीतरी शोधणार. जे नाहीच ते त्यांना सापडणार, किंवा जे आहे ते कधीच सापडणार नाही. आतापर्यंत त्याची तिथी त्याच्या डोक्यात तरी तिथी होती. उद्यापासून ती सगळ्या जगासाठी तारीख होणार होती, आणि ते खोटं होतं. याआधी त्यानं ते कधी खोटं म्हटलं नव्हतं. आता म्हटलं, आणि तो घराकडे वळला.

घरी आला तर कमळ भाकऱ्या थापत होती. तो सरळ भिंतीपाशी गेला. सगळ्या घरांत असतं तसंच त्यांच्याकडेही एकाच खिळ्यावर जुन्या कॅलेंडरावर नवं टांगायची पद्धत होती. जुनं फेकायचं नाही, कारण त्याच्या पाठीवर कमळचा दुधाचा, गॅसचा आणि पोरांच्या तापाचा इतिहास असायचा. धर्मानं अठ्ठ्याऐंशी उचललं, खाली सत्त्याऐंशी, त्याखाली शहाऐंशी, त्याखाली पंच्याऐंशी. फेब्रुवारीचं पान काढलं. अवस होती एकोणीस तारखेला, मंगळवारी.

"एकोणीस," तो म्हणाला.

"काय एकोणीस?" कमळ म्हणाली. "जेवतोस का कॅलेंडर खातोस?"

"खाली चौऱ्याऐंशी हाय काय गो?"

"हाय. मी कदी फेकलाय काय जुना?"

त्यानं तिथंच तिला सगळं सांगितलं. कमळचा हात पिठात तसाच राहिला. मग ती म्हणाली, "मंग गप राव ना. सोमवार जाव दे. मंगलवारी सांग."

तिचंही बरोबर होतं, हे धर्माला पटत होतं. पण मंगळवारपर्यंत जुना प्रोग्राम गेला असता, आलेख समितीपुढे गेले असते, आणि मग सांगून काय, कपाळ? शिवाय त्याला स्वतःची खात्री होती. कायमचं पत्र एकदा हातात पडलं की मंगळवारीही तो बोलणार नव्हता, बुधवारीही नाही, आणि मेल्यावर तर नाहीच. मागेही त्यानं असंच उद्यावर टाकलं होतं.

सकाळी तो केंद्रात पोचला तेव्हा त्याच्या काखेत पाच कॅलेंडरांची गुंडाळी होती. मॅडम नुकत्याच आल्या होत्या. चंद्रप्रकाश खुर्ची पुढे ओढत होता.

"मॅडम, त्या चार उडवू नका," धर्मा म्हणाला. "चूक त्या चारांत नाही. बाकीच्यांत आहे."

मग तो उभ्या उभ्या बोलला, भराभरा, श्वास न घेता. अवस, पुनव, भांग, पाऊणपट, चौकोन, सगळं सांगून टाकलं. मॅडमचा चेहरा आधी नुसता कोरा झाला. नंतर लाल झाला.

"म्हणजे दोन वर्षं मी ज्या तारखांवर काम करतेय..."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आधी नव्हतं. मग होतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात! अहो, मी शिफारशीत लिहिलंय, तारखेचा पक्का! चार वर्षं, धर्मा! मूर्ख ठरवलंत तुम्ही मला!"

बाईंनी त्याला जे झापलं ते शेजारच्या खोलीत साफसफाई करणारा गुणाजी पुढे महिनाभर लोकांना ऐकवत होता. धर्मानं एकदाही मान वर केली नाही. चंद्रप्रकाश बिचारा फ्लॉपीशी चाळा करत बसला होता. शेवटी तोच हळूच म्हणाला, "मॅडम, वाट तर लागली. पण या कॅलेंडरमध्ये तिथीही आहे आणि तारीखही आहे. मी जुना प्रोग्राम दोन दिवस ठेवतो, कंपनीला काहीतरी सांगीन. एकेक बदलून टाकू."

मॅडमनी गुंडाळी उलगडली. खोलीभर सुक्या बोंबलांचा वास सुटला. त्यांनी नाकाला पदर लावला, मग तो काढला आणि म्हणाल्या, "वाचा."

दोन दिवस तिघंही त्या कामाला जुंपले. चंद्रप्रकाश फाईलचा आकडा वाचायचा, धर्मा तिथी सांगायचा, मॅडम पानावरची तारीख शोधायच्या, चंद्रप्रकाश ती टाकायचा. "पंधरा, बारा, पंच्याऐंशी." "पुनव." "सत्तावीस डिसेंबर." "पुढची?" "तीस, एक, शहाऐंशी." "अवस." "दहा जानेवारी." कधी एखादी तिथी दोन दिवस चालायची, कधी एखाद्या तिथीचा क्षय असायचा, मग वाद व्हायचा. सात फायलींचं नक्की काहीच सांगता येईना, त्या बाजूला ठेवल्या. तीस फेब्रुवारी मात्र चारही निकालात निघाल्या. धर्मा या दोन दिवसांत शंभर वेळा उठला असेल. पण मॅडम आता त्याला "बसा" म्हणत नव्हत्या. कामापलीकडे त्या त्याच्याशी बोलतच नव्हत्या.

शुक्रवारी दुपारी शेवटची फाईल आत गेली. चंद्रप्रकाशनं बोटं मोडली. "हां, आता बघा गंमत. कसं लावू? महिन्याप्रमाणे?"

महिन्याप्रमाणे लावलं. काही दिसेना. मग धर्माच्या सांगण्यावरून भांग एकीकडे आणि उधाण एकीकडे असं लावून बघितलं. दोन्हीकडे उंच सुळके, दोन्हीकडे बुटके. भांगात काहीसुद्धा विशेष नव्हतं. धर्मा पडद्याकडे बघतच राहिला. अख्खा कोळीवाडा भांगाला शिव्या देतो, त्याचं काय?

"वाराप्रमाणे लाव बघू," मॅडम म्हणाल्या. त्या उगाचच म्हणाल्या असाव्यात. नव्या प्रोग्रामात बटण होतं म्हणून.

सोमवार बुटका. मंगळवार बुटका. बुधवार, गुरुवार तेच. मग शुक्रवारचे सत्तावीस आलेख एकावर एक चढले आणि पडदा पुरेना. सत्तावीसपैकी बावीस सुळके ताडमाड, सगळे एकाच जागी. उरलेले पाच ऐन पावसाळ्यातले, नाले दुथडी भरून वाहतात तेव्हाचे. सत्तावीस डिसेंबर पंच्याऐंशी, शुक्रवार. दहा जानेवारी शहाऐंशी, शुक्रवार. शनिवारी थोडं कमी, रविवारी पुन्हा काही नाही.

मग चंद्रप्रकाश म्हणाला, "शुक्रवारी काय असतं यार?"

"सुट्टी," मॅडम सावकाश म्हणाल्या. "वरच्या नाल्यावरच्या कारखान्यांना. विजेच्या कपातीमुळे त्या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. गुरुवारी संध्याकाळी काम बंद झालं की टाक्या धुऊन घेत असणार. सगळं नाल्यात सोडायचं, शुक्रवारी बघायला कुणी नाही." त्या उठल्या, पुन्हा बसल्या. आता त्यांनाच खुर्चीत चैन पडत नव्हतं. "दोन वर्षं मी हेच शोधत होते. ही लबाडी आहे, धर्मा, आणि ती आपण आता तारीख-वार सिद्ध करू शकतो. हे पाहिलंत का?"

धर्मानं पाहिलं होतं. मॅडमच्याही आधी पाहिलं होतं. त्या आनंदल्या होत्या आणि तो मनात मागची वर्षं मोजत होता. अवसेला उंच सुळका दिसला तेव्हा त्यानं मशीन पुसलं होतं. मशीन खरं सांगत होतं, त्यानं ऐकलं नव्हतं. खरी तारीख लिहिली असती तर पंच्याऐंशीतच, वर्षभरातच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं, शुक्रवार, शुक्रवार, शुक्रवार. तेव्हा चिखलात तिसऱ्या होत्या. त्यानं वाराला पुसून तिथी लिहिली आणि तिथीच्या आड ते कारखाने चार वर्षं आरामात लपून बसले.

"मॅडम," तो म्हणाला, "हे माझ्यामुळे झालं."

"हे कळलंही तुमच्यामुळेच," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज तीन दिवसांत पहिल्यांदा जरा मऊ झाला होता. मग त्यांनी ड्रॉवरमधून शिफारशीचा कागद काढला. "पण हा मी सोमवारी देऊ शकत नाही. यातली ओळ खोटी आहे आणि अहवालात मला तारखांचं खरं कारण लिहावं लागेल. समिती विचारणारच. पुढच्या वर्षी पुन्हा लिहीन. काम तुमचंच राहील, एवढं बघते."

"बरोबर आहे," धर्मा म्हणाला. ज्या कागदासाठी आठवडाभर त्याची झोप उडाली होती, तो परत ड्रॉवरमध्ये गेला आणि त्याला काही वाटलंच नाही. त्याला घरी जायचं होतं, आणि घरी जायची भीतीही वाटत होती.

सोनूबाई ओट्यावर बसून जाळ्याचा फाटका भाग विणत होती. पाटी सोडल्यापासून हेच काम ती दिवसभर करायची. धर्मा तिच्यासमोर उभा राहिला.

"आये, तिसऱ्या भांगानं नाय मेल्या."

तिनं वर बघितलं. "मंग?"

त्यानं सांगितलं. नाल्यावरचे कारखाने, गुरुवारच्या टाक्या, शुक्रवारचं पाणी. म्हातारीला कॉम्प्युटर समजत नव्हता, पण वार समजत होते. चाळीस वर्षं तिनं बाजाराचे वार सांभाळले होते. शनिवारच्या बाजारासाठी ती शुक्रवारीच खाडीत उतरायची. तिचे पाय महिनोन्महिने फोडांनी भरायचे ते त्याच वर्षांत, आणि ती वयाला दोष द्यायची.

"शुक्करवारचा," ती म्हणाली. तिनं सुई जाळ्यात खोचून ठेवली. "आनि ह्यो तुना आज समाजला?"

"आज समाजला. पन लिवलेला व्हता आये. चार वरसं माज्याच मशीनच्या डब्यात, माज्याच हातानं लिवलेला व्हता."

दारात कमळ उभी होती. तिनं नारळाचं विचारलं नाही. सोनूबाईनं पोराकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता. त्याला वाटलं, ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"पानी तू आनायचास," ती म्हणाली. "मोजायचास तू. मंग चार वरसं तू बघत काय व्हतास रं?"

धर्मा तिच्या शेजारी ओट्यावर बसला, तो बसूनच राहिला.